नगरसेवक आपला, पण त्याच्या निवडणुकीचा खर्च कोणाचा?

नंदनवन_नागपूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. १५ जानेवारी २०२६ ला आपल्या नागपूर महानगरपालिकेचं मतदान आहे. याआधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ चं. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून शहर प्रशासकाच्या हाती आहे. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा यांत पावणेचार वर्षं निघून गेली. मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे असं घटनेच्या २४३ यू कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी हे झालं. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे आपली पाळी आली.

कोणता पक्ष चांगला नि कोणता वाईट यावर इथे भरपूर धागे आहेत. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, पैशावर. लढायला पैसा कुठून येतो आणि निवडून आल्यावर तो फेडायला काय काय करावं लागतं?

आमच्या भागात गणपतीपासूनच इच्छुकांची धावपळ सुरू होती. एकाने भजनी मंडळांना पेटी-तबले दिले, दुसऱ्याने शेगावच्या दर्शनाला बस सोडल्या, तिसऱ्याने बायकांच्या खेळांचा कार्यक्रम ठेवून पैठण्या आणि कुकर वाटले. आमच्या शेजारचे एक काका ऐन तरुणपणापासून एका पक्षाचं काम करतात. भिंती रंगवल्या, मतदार याद्या घेऊन उन्हातान्हात फिरले, कोणाच्या घरी मयत झाली तर सर्वांत आधी पोचणारा माणूस. या वेळी त्यांनी तिकीट मागितलं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न, "खर्चाची तयारी किती?" काकांनी सांगितलं, माझ्याकडे माणसं आहेत. समोरच्याने मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. तिकीट गेलं ले-आउट पाडून प्लॉट विकणाऱ्या एका गृहस्थाला. पक्षाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दुसऱ्या पक्षातल्या मुलाखतींचंही वर्णन मी असंच ऐकलं आहे.

आता प्रभागाकडे बघा. २००७ मध्ये आपल्याकडे एका वॉर्डाचा एक नगरसेवक होता. २०१२ मध्ये दोन झाले, २०१७ पासून चार. आज ३८ प्रभाग आणि १५१ जागा. २०११ च्या जनगणनेतली २४ लाख लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात साठ-पासष्ट हजार माणसं येतात. एक-सदस्य वॉर्ड असताना हा आकडा पंधरा-अठरा हजारांच्या घरात होता. एवढ्या लोकांच्या दारात माणूस सायकलवर फिरूनही पोचायचा. साठ हजारांपर्यंत पोचायला गाड्या लागतात, बूथवर पोरं बसवावी लागतात, त्यांना दोन वेळा जेवू घालावं लागतं. सामान्य माणूस इथेच बाद होतो. मुंबईत अजूनही एका वॉर्डाला एकच नगरसेवक आहे, हे विसरू नका.

आणि वसुली? आमच्या गल्लीतला सिमेंट रोड सांगतो. कोणी केला, कोणाच्या काळात केला, ते नाव इथे नको. जुना डांबरी रस्ता खरवडलाच नाही, त्याच्यावरच सिमेंटचा जाड थर टाकला. आधी फाटकातून दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर यायचो, आता एक पायरी चढून यावं लागतं. रस्ता जोत्याच्या वर गेला. बाजूला गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवले तेही अंगणाकडे उतार देऊन. जून आला की पाणी सरळ ओसरीवर. लोकांनी फाटकाशी विटांचे उंबरे बांधले, पाण्याचे मीटर वर घेतले, एकाने तर अख्खी फरशी उचलून भराव घातला. पैसे घरचे. रस्ता खराब नव्हता, कोणी मागितला नव्हता. आम्ही मागत होतो गडरलाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन, ती अजून जुनीच आहे.

तर तुमच्या प्रभागात पैसा कोण लावून राहिलं आहे? आणि निवडून आलेल्याने शेवटी कोणाचं ऐकलं? डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

---

महालकर

धागा चांगला आहे, पण मला पटलेला नाही.

२०१७ मध्ये भाजपचे १५१ पैकी १०८ आले, काँग्रेसचे २९, बसपचे १०. हे पैशाने आले असं म्हणणं म्हणजे नागपूरच्या मतदाराचा अपमान आहे. आमच्या भागात पन्नाप्रमुख नावाचा माणूस असतो. मतदार यादीच्या एका पानावरची माणसं त्याच्याकडे. तो पगार घेत नाही. आजारी म्हातारीला दवाखान्यात नेण्यापासून रेशनकार्डापर्यंत तोच धावतो. पैसा सगळ्याच पक्षांकडे आहे, अशी माणसं किती जणांकडे आहेत?

दुसरं, रस्ते. डांबरी रस्ता दर पावसाळ्यानंतर उखडायचा आणि आपणच खड्डे खड्डे म्हणून ओरडायचो. सिमेंट रोडमुळे शहराची धूळ कमी झाली. तुमच्या गल्लीत उंची चुकली असेल, ते काम वाईटच. पण तेवढ्यावरून धोरण वाईट ठरत नाही. मेट्रो, उड्डाणपूल, एम्स हे पंधरा वर्षांपूर्वी नागपुरात कोणाच्या स्वप्नात तरी होतं का?

---

खामला_स्मिता

मी फक्त २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र सांगते. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नागनदी चढली, अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, तिकडे झाशी राणी चौकापर्यंत पाणी शिरलं. माझी मोठी बहीण तळमजल्यावर राहते. पहाटे गादी ओली लागली म्हणून ती जागी झाली, पाय खाली टाकला तर गुडघाभर पाणी. फ्रीज आडवा तरंगत होता. ती मला फोनवर विचारत होती, "कोणाले बोलवू?" आधीच्या नगरसेवकाला फोन लावला, त्याने सांगितलं, ताई, मी आता नगरसेवक नाही, तरी पोरं पाठवतो. पोरं आली, हे त्याचं मोठेपण. पण हक्काने जाब विचारावा असं त्या रात्री शहरात एकही निवडून दिलेलं माणूस नव्हतं.

म्हणून नंदनवनभाऊ, पैसेवाला असो की गरीब, आधी निवडणूक होऊ द्या. चार वर्षं आम्ही कोणाच्या दारात उभं राहायचं तेच कळत नव्हतं.

---

नंदनवन_नागपूर

स्मिताताई, शंभर टक्के बरोबर. निवडणूक नको असं मी चुकूनही म्हणणार नाही. उलट प्रशासकाच्या काळात पैशाच्या निर्णयांवर सभागृहात एक प्रश्नसुद्धा विचारला गेला नाही, कारण सभागृहच नव्हतं. स्थायी समिती नव्हती, आमसभा नव्हती. वाईट नगरसेवकालाही पाच वर्षांनी दारात यावं लागतं.

महालकरदादा, पन्नाप्रमुखाबद्दल तुम्ही म्हणता ते मी पाहिलं आहे आणि मला त्याचा आदर आहे. माझे शेजारचे काका तसेच आहेत. माझा सवाल एवढाच आहे की अशा माणसाला तिकीट का मिळत नाही? मेहनत त्याने करायची आणि खुर्चीवर कंत्राटदार किंवा बिल्डर बसणार. त्या पन्नाप्रमुखाच्याच बाजूने बोलून राहिलो आहे मी.

---

इंदोरा_बुद्धविहार

जय भीम. हा विषय नागपूरच्या मातीतला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी हेच सांगून ठेवलं होतं. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपल्याकडे समता असेल, एक माणूस एक मत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना विषमतेची झळ बसते तेच ही लोकशाही उधळून लावतील. त्याआधी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी मुख्य उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करा आणि हे घटनेतच लिहा, असं मांडलं होतं. ते झालं नाही.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ही मिल. उत्तर नागपूरच्या कितीतरी घरांत एक तरी माणूस मिलमध्ये असायचा. मिलमध्ये युनियन होती, भोंगा झाला की गेटवर सभा व्हायची, आणि उमेदवाराला त्या सभेत येऊन उत्तर द्यावं लागायचं. कामगाराकडे संप करायची ताकद होती म्हणून त्याच्या मतालाही वजन होतं. मिल बंद पडली, जागेवर मॉल आला. माझे वडील सिक्युरिटी गार्ड झाले, ठेकेदाराकडे. ठेकेदाराच्या माणसाला कोणता उमेदवार उत्तर देतो? मत तेवढंच राहिलं, त्याच्यामागची ताकद गेली.

तरी लोक एकत्र आले तर काय होतं तेही याच शहराने पाहिलं. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध हजारो लोक उतरले. निधी मंजूर, काम चालू, मशिनी लागलेल्या. त्याच दिवशी सरकारला विधानसभेत स्थगिती जाहीर करावी लागली. तिथे कोणाचा पैसा नव्हता.

---

वैशाली_मानेवाडा

मला थोडं वेगळं बोलायचं आहे. दर वेळी पैशाची चर्चा निघाली की गाडी लाडक्या बहिणीवर येते आणि लोक म्हणतात बायका दीड हजारात विकल्या गेल्या. इथे अजून कोणी म्हटलं नाही, पण म्हणतील, म्हणून आधीच लिहिते.

मी डबे देते. माझ्या हाताखाली दोघी येतात, पोळ्या लाटायला. एकीचा नवरा सगळी कमाई दारूत घालतो. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या नावावर पैसे आले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. तिने बँकेचा मेसेज मला तीनदा वाचायला लावला. त्या पैशातून तिने पोरीला शिकवणी लावली. ही खरेदी आहे का? उद्योगांना वीज सवलत मिळते, जमीन स्वस्तात मिळते, कर माफ होतो, त्याला प्रोत्साहन म्हणतात. बाईला दीड हजार दिले की तिजोरी रिकामी?

हां, वेळ त्यांनी साधून घेतली हे मीही बघते. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते त्याआधीच खात्यात आले. २१०० देऊ म्हणाले होते, ते अजून नाही. आमच्या पोळ्यावाल्या बायका हे विसरलेल्या नाहीत. घेतलं म्हणजे डोळे मिटले असं नाही.

---

महालकर

वैशालीताई, पूर्ण सहमत. फक्त एक. या योजनेला वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असा सरकारचाच अंदाज होता. ते कुठून तरी येणारच. रस्त्याची बिलं, वसतिगृहांचे भत्ते, शेतकऱ्याची कर्जमाफी यांना ओढ बसली तर ते कोणीतरी सांगायला हवं. माझ्या पक्षाने सांगितलं तरी मला आवडेल.

---

कळमना_अडत

माझं अडतीचं दुकान कळमन्याच्या मार्केट यार्डात आहे, माणसं माझी काटोल, नरखेड, उमरेडकडची. शहरातली निवडणूक असली तरी पैशाचं गणित आमच्याकडूनच सुरू होते.

२०२४ ची विधानसभा आठवा. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, यार्डात ढीग चार हजार-बेचाळीसशेत जाऊन राहिला होता. शेतकरी सरकारी खरेदीवर गेला की तिथे ओलाव्याचं मशीन. बारा टक्क्यांच्या वर ओलावा आला की माल परत. म्हातारा माणूस पोतं सोडून मूठभर दाणे दाताखाली धरून दाखवायचा, "साहेब, कडक आहे, वाजते." मशीनवर चौदा. भाडं खर्चून पुन्हा माझ्याच दारात. मतदान २० नोव्हेंबरला होतं. अगदी चारपाच दिवस आधी केंद्राने पंधरा टक्क्यांपर्यंत ओलावा चालेल असा आदेश काढला. म्हणजे करता येत होतं! तोपर्यंत ज्याले पोरीचं लग्न होतं त्याने विकूनही टाकला होता.

आता कापूस. १९ ऑगस्ट २०२५ ला आयात कापसावरचा ११ टक्के कर काढला आणि पुढे डिसेंबरअखेरपर्यंत सूट वाढवली. हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० जाहीर केला. गिरणीवाल्याले बाहेरचा कापूस स्वस्त पडला तर तो आमचा ७७१० ने कशाले घेईल? गिरणीवाल्यांचे संघ दिल्लीत जाऊन बसतात. आमचा शेतकरी ऑक्टोबरमध्ये वर्धा रोडवर ट्रॅक्टर घेऊन बसला, पावसात बसला, तेव्हा कर्जमाफीची ३० जून २०२६ ही तारीख मिळाली. मोठ्याचं काम एका बैठकीत होते, आमचं हायवे अडवल्याशिवाय होत नाही. आर्थिक ताकद म्हणजे हीच.

---

निवृत्त_वीजवाला

अडतभाऊ, अगदी खरं. मी औष्णिक वीज केंद्रात आयुष्य घालवलं. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, सगळा कोळसा इकडचा, पाणी इकडचं, राख इकडे. २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, शेतात आणि नदीत राखच राख. २०२३ मध्ये कोराडीत आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली, लोकांनी विरोध नोंदवला. संच मंजूर झाले. वीज राज्यभर जाते, घरगुती दर मात्र आम्हाला कोणी वेगळा लावत नाही.

२८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार जुन्या लोकांना पाठ आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्या, वर्षातून ठरावीक काळ सरकार नागपुरात. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. विदर्भाचे ६२ आमदार आहेत. मुख्यमंत्री नागपूरचे, केंद्रातले वजनदार मंत्री नागपूरचे. तरी मंडळ परत यायला एवढा उशीर का, हे दोन्हीकडच्या आमदारांनी अधिवेशनात उभं राहून विचारायला हवं.

---

मिहान_ते_हिंजवडी

मी हिंजवडीत नोकरी करतो, घर मनीषनगरला. आईबाबा तिथेच. प्रत्येक निवडणुकीत नागपूर विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाचं नाव येतं. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आले, खोटं कशाला बोलू. पण माझ्या वर्गातले निम्म्याहून जास्त पोट्टे पुण्या-बंगळुरात आहेत. टाटा-एअरबसचा विमान कारखाना मिहानला येईल अशी किती आशा होती! २०२२ मध्ये कळलं वडोदऱ्याला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन टीव्हीवर बघितलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, नुसतं चॅनेल बदललं.

मोठा कारखाना कुठे जाणार हे ठरवण्यात माझ्या मताचा वाटा किती? हा प्रश्न मला खरंच छळतो. मतदानाला येणार आहे मात्र. आझाद हिंद एक्सप्रेसचं तिकीट काढलं आहे.

---

सीए_धंतोली

पैशावर बोलताय म्हणून माझ्या कामातलं सांगतो.

विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पण पक्षाने पक्ष म्हणून केलेल्या खर्चाला मर्यादाच नाही. सभा, जाहिराती, हेलिकॉप्टर हे त्यात गेलं की उमेदवाराचं रजिस्टर स्वच्छ. सगळी गोम इथे आहे.

तो पैसा पक्षाकडे कुठून येतो, तर त्याचं एक दार निवडणूक रोखे होतं. २०१७ च्या वित्त कायद्याने कंपनीच्या देणगीवरची साडेसात टक्के नफ्याची मर्यादा काढली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देणगी देऊ शकत होती. मार्च २०१८ पासून स्टेट बँकेत रोखे मिळू लागले, एक हजारापासून एक कोटीपर्यंत. कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळणार नाही, ही त्याची रचनाच होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने योजना रद्द केली आणि सांगितलं की पक्षाला पैसा कोण देतो हे कळणं मतदाराच्या माहितीच्या हक्कात येतं. मग आकडे बाहेर आले. एप्रिल २०१९ पासूनच्या काळात भाजपने वटवलेले रोखे ६ हजार कोटींच्या वर, तृणमूल १६०० च्या वर, काँग्रेस १४०० च्या वर, भारत राष्ट्र समिती १२०० च्या वर. सर्वांत मोठी देणगीदार एक लॉटरी कंपनी, १३६८ कोटी. दुसरी मोठी सरकारी कामं घेणारी बांधकाम कंपनी, ९६६ कोटी.

बघा, जो ज्या राज्यात सत्तेत त्याच्याकडे पैसा धावला. बंगालात एकाकडे, तेलंगणात दुसऱ्याकडे. तुमच्या गल्लीत जे होतं तेच दिल्लीत होतं, शून्यं वाढतात. म्हणून मी कोणत्याही पक्षाच्या माणसाला यात सुटू देत नाही.

नगरसेवकाबाबत एक कलम लक्षात ठेवा. महानगरपालिका कायद्याच्या कलम १० प्रमाणे ज्याचा महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तो नगरसेवक राहू शकत नाही. कायदा कडक आहे. प्रत्यक्षात कंत्राट मेहुण्याच्या, मित्राच्या, जुन्या ड्रायव्हरच्या नावावर असतं. ते सिद्ध करायला कागद लागतात आणि कागद मागायला कोणी जात नाही.

---

नंदनवन_नागपूर

सीएसाहेब, शेवटचा परिच्छेद मला फार महत्त्वाचा वाटतो. कागद मागायचे तर नेमके कोणते? आम्ही गल्लीतली दहा-बारा घरं तयार आहोत.

---

सीए_धंतोली

आधी उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र. त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं असतं आणि ते सगळ्यांना बघता येतं. जुना नगरसेवक पुन्हा उभा असेल तर २०१७ चं आणि आताचं शेजारी ठेवा. व्यवसाय काय लिहिला आहे ते नीट वाचा.

मग माहितीच्या अधिकारात झोन कार्यालयाला अर्ज करा. प्रश्न मोठा विचारू नका. एकच रस्ता धरा: कामाचा आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, अंतिम बिल, दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती. मोजमाप पुस्तिकेत जुना रस्ता खोदल्याची नोंद असेल आणि खोदलाच नसेल, तर तुमच्या पायऱ्या हा पुरावा आहे. जुने फोटो शोधा, लग्नातले, बारशातले, फाटकासमोर काढलेले. त्यात रस्ता कुठे होता ते दिसतं.

निकालानंतर उमेदवाराला खर्चाचा हिशोब निवडणूक यंत्रणेला द्यावा लागतो. तोही मागा.

---

महालकर

याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या भागातल्या चारही उमेदवारांना मी स्वतः विचारतो की तुमचा किंवा घरच्यांचा महापालिकेच्या कामात संबंध आहे का, हे लिहून द्या. पक्षाचा माणूस म्हणून माझं ऐकतील तरी. बाकी तुमच्याशी माझं भांडण राहणारच आहे, नंदनवनभाऊ. चार सदस्यांचा प्रभाग मला वाईट वाटत नाही. एक काम करत नसेल तर दुसऱ्याकडे जाता येतं, आणि बायकांना, मागासवर्गीयांना एकाच प्रभागात जागा मिळते.

---

इंदोरा_बुद्धविहार

महालकर, आरक्षण एक-सदस्य वॉर्डातही होतंच, सोडतीने. चारांत जबाबदारी कोणाचीच राहत नाही. आमच्याकडे नळाचं सांगायला गेलं की अ म्हणतो ब कडे जा.

---

खामला_स्मिता

बहिणीच्या कॉलनीत रविवारी सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलवून राहिलो आहोत. पक्षाचा झेंडा नाही, हार नाही, चहा आमचा. प्रश्न तीनच ठेवले: नदीकाठचं बांधकाम, गडरलाइन, आणि महालकरदादांचा कंत्राटाचा प्रश्न. दोघे येतो म्हणाले. एकाने कार्यक्रमाचा खर्च आपण देतो म्हणून निरोप पाठवला, नको म्हणून कळवलं.

---

वैशाली_मानेवाडा

ताई, आमच्याकडेही करते. एक शंका. माझ्या पोळ्यावाल्या दोघी विचारतात, चार मतं चार वेगळ्या पक्षांना दिली तर चालतं का? एका उमेदवाराची माणसं सांगून गेली की एकाच चिन्हावर चारही दाबा, नाहीतर मत बाद होते.

---

सीए_धंतोली

साफ खोटं आहे. अ, ब, क, ड या चार वेगळ्या जागा आहेत, चार वेगळी मतं. हव्या त्या पक्षाला किंवा अपक्षाला द्या, चारही वेगळी दिली तरी चारही मोजली जातात. एखाद्या जागेला कोणीच पटत नसेल तर त्या जागेचा नोटा दाबा, पण चारही मतं पूर्ण करा. चौथं बटण दाबून लांब बीप वाजेपर्यंत तिथून हलू नका, असं दोघींना सांगा.